घर घेतल्यावर मिळकतकराच्या सर्वेचा कागद आला. भरून द्यायचा की गप्प बसायचं?

नवी_कोथरूडकर

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये कोथरूडला जुन्या इमारतीत रीसेलचा टू बीएचके घेतला. कर्ज, नोंदणी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट सगळं मार्गी लागलं, आता जरा टेकू म्हटलं तर परवा दाराच्या फटीतून एक छापील कागद आत सरकवलेला सापडला. मिळकतीची माहिती विचारणारा तक्ता आहे. मालकाचं नाव, खरेदीची तारीख, क्षेत्रफळ, स्वतः राहता की भाड्याने दिलंय, पुण्यात आणखी मिळकत आहे का, असं सगळं. वॉचमन म्हणाला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा दुपारी टॅब घेऊन मजल्यामजल्यावर फिरत होता. आम्ही दोघंही तेव्हा ऑफिसात.

आता घरात तीन मतं. माझे बाबा तहसीलमधून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं, 'सरकारी कागदाला उत्तर द्यावं, पण विचारलं तेवढंच.' नवरा म्हणतो, कागद टाक ड्रॉवरमध्ये, परत आले तर बघू. आणि टेक्ससला असलेल्या दिरांचा कालच फोन आला, 'वहिनी, अजिबात भरू नका, आमच्याकडे वकीलसुद्धा हेच सांगतात.' तुमचा अनुभव काय?

पेठेतला_पक्षी

पुण्यात दारात येऊन कोणी प्रश्न विचारला की उत्तर द्यायचंच असतं, 'आपण कोण?' असं. पुढचं पुढे.

(विनोद बाजूला, धागा चांगला आहे. वाचतोय.)

ऑस्टिनचा_पुणेकर

तुमचे दीर चुकीचं सांगत नाहीत, पण ते त्यांच्या अंगणातलं सांगताहेत. मी टेक्ससमध्ये दोनदा घर घेतलं आणि दोन्ही वेळा असा कागद आला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथे राज्याचा आयकर नाही, त्यामुळे शाळांचा मोठा भार घराच्या करावर असतो आणि तो कर घराच्या बाजारभावावर ठरतो. भाव ठरवायला प्रत्येक काउंटीचं मूल्यांकन कार्यालय असतं. आणि गंमत अशी, की टेक्ससमध्ये खरेदीची किंमत सरकारला कळवणं बंधनकारक नाही. आपल्या इंडेक्स टूसारखा (खरेदीची किंमत नोंदवणारा नोंदणी कार्यालयाचा उतारा) काही प्रकार नाही. म्हणून घर घेतलं की महिन्या-दोन महिन्यांत पत्र येतं: कितीला घेतलं, डागडुजी किती केली, सवलतीत फर्निचर मिळालं का. त्याला उत्तर दिलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही.

त्यात एक मेख आहे. राहत्या घरासाठी होमस्टेड सवलतीचा अर्ज दिला की करासाठी धरलेलं मूल्य वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. पण ही मर्यादा सवलत मिळाल्याच्या पुढच्या वर्षापासून लागते. म्हणजे विकत घेतल्यानंतर येणाऱ्या १ जानेवारीला जे मूल्य धरतील, ते थेट बाजारभावापर्यंत उडी मारू शकतं आणि पुढची सगळी वर्षं त्याच पायावर चढतात. आधीच्या मालकाचं मूल्य वर्षानुवर्षं दबलेलं, तुम्ही घेतलं चढ्या भावाने. अशा वेळी आपल्याच हाताने आकडा लिहून कशाला द्यायचा? म्हणून लोक गप्प बसतात.

मी पहिल्या घराला गप्प बसलो. दुसरं घर त्यांनी धरलेल्या मूल्यापेक्षा स्वस्त मिळालं होतं, तेव्हा खरेदीचे कागद आपणहून जोडून हरकत घेतली आणि मूल्य खाली आणलं. हरकतीची मुदत साधारण १५ मेपर्यंत असते. आता यातला गोंधळ सांगतो. सर्वेचा कागद आणि होमस्टेडचा अर्ज हे दोन वेगवेगळे कागद. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने 'काही भरायचं नाही' या जोशात दोन्ही केराच्या टोपलीत टाकले. शाळांच्या करासाठी घराच्या मूल्यातून २०२३ पासून एक लाख डॉलर वजा होत होते, ते त्यांना मिळालेच नाहीत.

दिरांना विचारा, त्यांनी दुसरा भरलाय ना.

शंकासुर

मी भरणार नाही, आणि तुम्हीही भरू नये असं माझं मत.

नोंदणी कार्यालयात मी मुद्रांक शुल्क भरलंय, इंडेक्स टू तयार झालीय, त्यात मोबदला आहे, बाजारभाव आहे, क्षेत्रफळ आहे, माझं नाव आहे. आयजीआरच्या, म्हणजे नोंदणी विभागाच्या, ई-सर्चवर कोणीही उघडून बघू शकतं. सोसायटीकडे नोंद आहे, वीजबिल माझ्या नावावर आहे. एवढं सगळं सरकारदरबारी असताना पुन्हा कंत्राटी पोराच्या टॅबमध्ये माझी माहिती का? ती जाते कुठे? 'पुण्यात दुसरी मिळकत आहे का' हा प्रश्न तर मला सरळसरळ चोंबडेपणाचा वाटतो.

वसुलीतला_माणूस

शंकासुर, तुमच्या तक्रारीत तथ्य आहे, पण निष्कर्ष महागात जाईल. मी पुण्याबाहेरच्या एका महापालिकेत कर विभागात सव्वीस वर्षं काढली. पुण्याचं प्रकरण जवळून पाहिलंय, कारण राहतो इथेच.

पहिली गोष्ट. पुण्यात घराचा कर तुम्ही कितीला घेतलं यावर लागत नाही. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे बाजारभाव धरून, आकारणी आहे, पुण्यात अजून करपात्र मूल्यावर. म्हणजे ही जागा भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल, असं धरायचं. त्यासाठी भागाभागाचे चौरस फुटाचे दर ठरलेले असतात. त्यामुळे ऑस्टिनकरांच्या गावी जो आकडा लपवायचा असतो, तो इथे लपतही नाही आणि लपवून उपयोगही नाही.

इथे सगळा खेळ एका रकान्याचा आहे: स्वतः राहता की नाही.

पुणे महापालिका १९७० पासून स्वतः राहणाऱ्या मालकाला वार्षिक भाडेमूल्यात ४० टक्के सवलत देत आली. देखभालीपोटी १५ टक्के वजावटही होती. लेखापरीक्षणात आक्षेप आले, २०१९ मध्ये राज्य सरकारने तो जुना ठराव रद्द केला. १ एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्या घरांना सवलतच लागली नाही. त्याआधी २०१८ च्या सुमारास जीआयएस (डिजिटल नकाशावर आधारलेलं) सर्वेक्षण झालं होतं. त्यात ज्या घरात मालक राहत नाही असं नोंदलं गेलं, त्यांची सवलत काढून मागच्या फरकासकट बिलं निघाली. शहरभर बोंब झाली. शेवटी २०२३ मध्ये सरकारने ४० टक्के सवलत परत आणली, देखभालीची वजावट मात्र १० टक्क्यांवर आली. आणि ज्यांना सवलत हवी त्यांनी पीटी-३ नावाचा अर्ज भरायचा असं ठरलं. पंचवीस रुपये शुल्क, सोबत स्वतः राहत असल्याबद्दल सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड, रेशनकार्ड असले पुरावे, आणि शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत. तो 'चोंबडा' प्रश्न तिथून आलाय, शंकासुर. एका माणसाने चार फ्लॅटवर 'मी इथेच राहतो' लिहू नये म्हणून.

आता हिशेब बघा, लोक इथे चुकतात. समजा वार्षिक भाडेमूल्य ६०,००० धरलं. १० टक्के देखभाल वजा जाता ५४,०००. सवलत असेल तर त्याचे ६० टक्के, म्हणजे ३२,४००. सवलत गेली की ३२,४०० वरून ५४,००० वर. ही वाढ ४० टक्के नाही, ६६ टक्क्यांच्या वर आहे. बिलही ढोबळमानाने त्याच प्रमाणात फुगतं. आणि थकलं की महिना २ टक्के शास्ती.

आता सांगा, गप्प बसून कोणाचं नुकसान?

कायद्याचंही सांगतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कराधान नियमांत आयुक्तांना मालकाकडून वा भोगवटादाराकडून लेखी माहिती मागवण्याचा आणि मिळकतीची पाहणी करण्याचा अधिकार आहे, आणि मागितल्यावर खरी माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे. मालकी बदलली की तीन महिन्यांत कळवायचं, हेही त्यातच. हे तर कोणी दारात न येताही करायचं असतं.

अनघा_बाणेर

वसुलीतले काका, तुमचं 'एका रकान्याचा खेळ' वाचून माझी जखम पुन्हा उघडी झाली. लिहूनच टाकते.

आम्ही घर घेतलं आणि बिलावर नाव बदलायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे आळस, दुसरं काही नाही. दर वर्षी बिल आधीच्या मालकांच्या नावाने यायचं, मी ऑनलाइन भरायचे, ३१ मेच्या आत, सूट घेऊन. वाटायचं, पैसे जमा होताहेत ना, मग नावाचं काय एवढं. दारावर मात्र आमच्या आडनावाची पितळी पाटी, लग्नात आलेली.

सर्वे झाला तेव्हा आम्ही गावी. सर्वेवाल्याने बिलावरचं नाव बघितलं, दारावरचं बघितलं, दोन्ही जुळेनात. शेजारच्या काकूंना विचारलं. काकू बिचाऱ्या म्हणाल्या, 'ते जोशी आता इथे नसतात, दुसरे लोक राहतात.' शब्दन् शब्द खरा! लिहिलं त्याने 'भाडेकरू'. पुढच्या बिलाचा आकडा बघून नवऱ्याने चष्मा पुसला आणि परत बघितला.

मग इंडेक्स टू, सोसायटीचं पत्र, गॅसचं कार्ड असं बाड घेऊन आधी हस्तांतरण, मग सवलतीचा अर्ज. सुधारलं, पण भरलेले जादा पैसे हातात मिळत नाहीत, पुढच्या बिलांतून वळते होतात. काकूंशी आजही बरं आहे, दिवाळीत अनारसे येतात. पण घर बंद करून जाताना मी त्यांना सांगून जाते, 'कोणी विचारलं तर आम्हीच मालक म्हणा हं.'

पेठेतला_पक्षी

पितळी पाटीवर खाली 'भाडेकरू नव्हे' असं कोरून घ्या.

शंकासुर

अनघाताई, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तुम्ही काहीच लपवलं नव्हतं तरी शेजाऱ्याच्या एका वाक्यावर रकाना भरला गेला. असल्या सर्वेवर विश्वास ठेवायचा?

अनघा_बाणेर

नाही, उलट. मी सांगितलं नाही म्हणून काकूंनी सांगितलं. रकाना रिकामा राहत नाही हो, कोणीतरी भरतंच.

वसुलीतला_माणूस

अगदी. आमच्या वेळी वहीत लिहायचे, आता टॅबमध्ये टिचकी मारतात, पण कुलूपबंद घरासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला तीस घरं संध्याकाळपर्यंत उरकायची असतात हे तेव्हाही होतं. तो शेजारी विचारणार, वॉचमनला विचारणार.

इंडेक्स टूबद्दल तुमचं बरोबर आहे, किंमत आणि खरेदीदार त्यांना तिथून मिळतो. पण त्या घरात आज कोण झोपतं हे इंडेक्स टू सांगत नाही.

एकदाच_विचारतो

नवीन आयडी आहे, क्षमस्व. मी उलट्या बाजूचा आहे. हिंजवडीत नोकरी, तिथेच राहतो, वारज्याचा फ्लॅट भाड्याने दिलाय. बिलावर ४० टक्के सवलत चालू आहे, आधीपासूनची. मी कागद भरला तर ती जाणार. न भरता राहू दिलं तर?

वसुलीतला_माणूस

तुम्ही विचारताय म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत आहे. भाडेकरार नोंदणीकृत आहे ना? महाराष्ट्रात तो असावाच लागतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिलीत ना? मग दोन सरकारी दप्तरांत 'भाड्याने' आणि तिसऱ्यात 'स्वतः' असं किती दिवस चालेल? ज्या वर्षी जुळवाजुळव करतील त्या वर्षी मागचा फरक एकदम येईल. मी त्यात असतो तर भाडं ठरवतानाच बिल पूर्ण दराचं धरलं असतं.

एकदाच_विचारतो

हं. बायकोही हेच म्हणाली होती.

नवी_कोथरूडकर

बापरे, दोन दिवसांत एवढं? सगळ्यांचे आभार. दिरांना विचारलं. होमस्टेडचा अर्ज त्यांनी भरलाय म्हणे. मग म्हणाले, 'पुण्याचं मला काय माहीत, मी आपलं सांगितलं.' असो.

बिलावर अजून आधीच्या मालकांचंच नाव आहे, त्यामुळे अनघाताईंची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. मार्चपासून मोजलं तर तीन महिने व्हायला थोडेच दिवस उरलेत. हस्तांतरणाचे कागद आजच काढले. पण कागद भरायला घेतला आणि 'क्षेत्रफळ' पाशी अडले. करारात कार्पेट वेगळं, बिल्टअप वेगळं. आणि...

पेठेतला_पक्षी

...आणि गॅलरी बंद केलेली आहे. बरोबर ना? कोथरूडची जुनी इमारत, रीसेल, 'आणि' नंतर तीन टिंबं. गॅलरीच असणार.

नवी_कोथरूडकर

हो. :( हॉलची गॅलरी आधीच्या मालकांनी (की त्यांच्याही आधीच्या?) काचा लावून आत घेतलीय. तिथे आता माझा वॉशिंग मशीनचा स्टँड आणि बाबांची आरामखुर्ची आहे. स्वयंपाकघरामागच्या कोरड्या बाल्कनीलाही वर पत्रा आणि ग्रिल. खरं सांगायचं तर मी दोन दिवस इथे तात्त्विक प्रश्न विचारत होते, पण भीती गॅलरीचीच होती. नियमबाह्य बांधकाम म्हणून दंडाचा कर लावतात असं ऐकलंय.

शंकासुर

बघा, म्हणूनच मी म्हणत होतो.

नकाशेवाली

मी आर्किटेक्ट आहे, थोडं थांबा. घाबरण्याआधी इमारतीचा मंजूर नकाशा बघा. पुण्यातल्या बऱ्याच जुन्या इमारतींत बांधकामाच्या वेळीच प्रीमियम भरून बाल्कनी बंदिस्त करायची परवानगी घेतलेली असते, आणि नकाशात ती 'बंदिस्त बाल्कनी' म्हणून दाखवलेली असते. तसं असेल तर ती नियमबाह्य नाही आणि तिचा कर बहुधा पहिल्या दिवसापासून लागतोय. नकाशा सोसायटीच्या कपाटात असायला हवा. सेक्रेटरी 'शोधतो' म्हणतील. तिसऱ्यांदा विचाराल तेव्हा सापडेल.

नकाशात नसेल तर तो वेगळा विषय, अधिनियमात अनधिकृत बांधकामावर दंडाची तरतूद आहेच. पण ते लपवून लपत नाही. सर्वेवाल्याच्या हातात लेझरचं मोजमाप यंत्र असतं, लाल टिपका समोरच्या भिंतीवर टाकला की आकडा हजर. गॅलरीची काच काही तो टिपका अडवणार नाही.

क्षेत्रफळाचं: महारेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारं प्राधिकरण) आल्यानंतरच्या करारातल्या कार्पेटमध्ये आतल्या पार्टिशन भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. तुमचा मूळ करार जुना, त्यात 'कार्पेट' म्हणजे बिल्डरच्या मनात काय होतं ते बिल्डरच जाणे. त्यामुळे आकडा ठोकून देऊ नका. 'करारानुसार इतके, नोंदणी दस्त जोडला आहे' असं लिहा. आणि जिन्यासकट जो 'सेलेबल' आकडा ब्रोकरने तोंडी सांगितला, तो चुकूनही लिहू नका. माझ्या एका अशिलाने तोच लिहिला होता. ज्या जागेत तो कधी पाऊल ठेवू शकणार नव्हता, तिचाही कर स्वतःच्या हाताने मागून घेतला.

वसुलीतला_माणूस

नकाशेवाली, शंभर टक्के. आणखी दोन गोष्टी. आधीच्या मालकाची थकबाकी आहे का ते आजच बघा, कारण मिळकतकराचा बोजा मिळकतीवर असतो, विकणारा गेला तरी बोजा घरातच राहतो. आणि कागद देताना झेरॉक्सवर पोच घ्या, शिक्का, तारीख, सही. टॅबवाल्या मुलाकडे मूळ कागद देऊ नका, ओटीपी कोणी मागितला तर देऊ नका. मिळकतीच्या माहितीसाठी ओटीपी लागत नाही. ओळखपत्र बघा. खात्री नसेल तर स्वतः क्षेत्रीय कार्यालयात नेऊन द्या.

आकारणी वाढवणारी नोटीस आलीच तर तिच्यात दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्यायची. तोंडी भांडून काही होत नाही, हे मी टेबलाच्या पलीकडून सव्वीस वर्षं पाहिलंय.

नवी_कोथरूडकर

अपडेट देते, आठवडा झाला.

नकाशा तिसऱ्यांदा नाही, चौथ्यांदा विचारल्यावर सापडला. सेक्रेटरींच्या लोखंडी कपाटात, गणपतीच्या मखराच्या थर्माकोलखाली. निळसर, घड्यांवर फाटलेला. हॉलची गॅलरी त्यात बंदिस्त दाखवलीय! बाबांची आरामखुर्ची कायदेशीर निघाली. मागच्या बाल्कनीवरचा पत्रा मात्र नकाशात नाही. नवरा म्हणाला राहू दे, कोण बघतंय. बाबांनी काही न बोलता रविवारी फॅब्रिकेटरला बोलावलं आणि तो काढून टाकला. आता पावसाळ्यात कपडे कुठे वाळत घालायचे हा नवा प्रश्न, त्याचा वेगळा धागा काढीन.

थकबाकी नव्हती. हस्तांतरणाचा अर्ज, तक्ता आणि सवलतीचा अर्ज तिन्ही एकदम दिले. खिडकीवरच्या बाईंनी शिक्का मारायच्या आधी सोसायटीचं पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, 'राहता ना तुम्ही इथे नक्की?' मी म्हटलं, हो, कपडेसुद्धा तिथेच वाळत नाहीयेत सध्या. त्या हसल्या नाहीत. पोच मिळाली.

अनघा_बाणेर

पोच स्कॅन करून ठेव. आणि शेजारच्या काकूंना एकदा जाऊन भेट.

पेठेतला_पक्षी

अनारसे घेऊन.